मीटर आहे, दर ठरलेला आहे, तरी भाडं तोंडीच का ठरतं?

मीरा_कोथरूड (धागाकर्ती), जून २०२५

परवा आई लातूरहून आली. वय ७३, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, हातात एक पिशवी आणि खांद्याला शबनम. गाडी पहाटे पाचच्या आत पुण्यात पोचली. मी आणायला निघणारच होते, तर स्कूटरचं चाक बसलेलं. म्हणून फोनवर सांगितलं, "आई, रिक्षा कर, मीटरनं ये म्हणावं."

आईनं आधीच्या मुक्कामात मला विचारून ठेवलं होतं, स्टेशनपासून घरापर्यंत किती होतात. त्या हिशोबानं तिनं दोनशे रुपये एका छोट्या बटव्यात वेगळे काढून ठेवले होते, अंधारात मोठं पाकीट उघडायला लागू नये म्हणून. बाहेर पाच-सहा जण पुढे आले. "कुठं जायचं मावशी?" कर्वे पुतळ्याच्या पुढं म्हटल्यावर साडेतीनशे. मीटरनं चला म्हणाली तर "मीटर बंद आहे". मीटरचे लाल आकडे तिला समोर दिसत होते. ती दुसऱ्याकडे वळली, तर दुसरा म्हणाला, "ते गिऱ्हाईक त्याचं आहे, त्यालाच विचारा." शेवटी तीनशेवर ठरलं आणि सहा जणांच्या देखत तिला ते मोठं पाकीट उघडावं लागलं.

ती आल्यावर मी हिशोब केला. साधारण नऊ किलोमीटर. पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे प्रत्येक किलोमीटरला १७. म्हणजे १५२ रुपये ५० पैसे. रात्री बारा ते पाच पंचवीस टक्के जास्त, ते धरून १९१. आईचे दोनशे बरोबर होते.

रिक्षावाला उद्धट नव्हता, हेही लिहायला हवं. त्यानं पिशवी दुसऱ्या मजल्यापर्यंत आणून दिली. मी खाली जाऊन विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "ताई, रात्रभर उभा होतो, हे दुसरंच भाडं." मला काय बोलावं सुचलं नाही.

पण आई आता म्हणते, तू घ्यायला येणार असशील तरच येईन. तिचं एकटीनं येणं-जाणं त्या दहा मिनिटांत संपलं, याचा मला फार राग आला आहे.

मला जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे. हा दर ठरवतं कोण? आणि तो पाळला जातो की नाही हे बघायची जबाबदारी कुणाची? महापालिका, वाहतूक पोलीस की आरटीओ?

---

सुलभा_ना

मीरा, आईंना नमस्कार सांग. माझ्या सासूबाईंचं अगदी हेच झालं होतं, स्वारगेटला. त्या अर्धा तास उभ्या राहिल्या आणि मग पीएमटीनं आल्या, दोन बस बदलून. वाचते आहे.

---

ग्राहकमित्र_अण्णा

मीराताई, सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करतो. भाड्याशी महापालिकेचा काही संबंध नाही. लोक नगरसेवकाकडे तक्रार घेऊन जातात आणि तो बिचारा फोन फिरवत बसतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ प्रमाणे भाडं ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारचा. प्रत्यक्षात तो निर्णय घेतं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण. पुण्यात या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, प्रादेशिक परिवहन अधिकारी सचिव असतात आणि पोलिसांचा प्रतिनिधी सदस्य असतो. मुंबई महानगरासाठी वेगळं प्राधिकरण आहे. म्हणजे जो दर तुम्ही वर लिहिलात, १ सप्टेंबर २०२२ पासूनचा २५ आणि १७, तो जिल्ह्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली ठरलेला आहे. स्टँडवरच्या सहा जणांनी तो पहाटे बदलला आणि त्या अधिकाऱ्याच्या यंत्रणेतलं कुणी तिथं नव्हतं.

दर ठरवण्यावर आपल्याकडे पुष्कळ काम झालं आहे. २०१२ मध्ये हकीम समितीनं सूत्र दिलं: गाडीची किंमत, इंधन, देखभाल, विमा, चालकाचा घरखर्च, महागाई असं सगळं धरून दर वर्षी भाडं तपासायचं. त्यावर ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या. मग २०१६ मध्ये खटुआ समिती नेमली, २०१७ मध्ये तिचा अहवाल आला आणि मुंबई महानगराच्या प्राधिकरणानं तो २०२० च्या मार्चमध्ये स्वीकारला. त्यात दुपारी बारा ते चार प्रवाशांना सवलतीचा दर द्यावा अशीही शिफारस होती. तुमच्यापैकी कुणाला दुपारी सवलत मिळाली आहे का?

अंमलबजावणीवर मात्र अशी एकही समिती बसलेली मला आठवत नाही. भाडं नाकारणं हा कलम १७८ खाली गुन्हा आहे. १९८८ मध्ये त्याला दंड ठेवला होता रिक्षासाठी ५० रुपयांपर्यंत आणि टॅक्सीसाठी २०० रुपयांपर्यंत. पुढे टॅक्सीची रक्कम वाढली, पण एका फेरीत शंभर रुपये जास्त घेणाऱ्याला असल्या दंडाची भीती का वाटावी? खरा वचक आहे कलम ८६ मध्ये. परवान्याच्या अटी मोडल्या तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. तो अधिकार याच प्राधिकरणाकडे आहे. तो किती वेळा वापरला हे आपण विचारायला हवं.

---

अनिकेत८२

एवढं सगळं कशाला? रिक्षावाले माजलेत. एका दिवसात शंभर परवाने रद्द करा, दुसऱ्या दिवशी सगळे मीटर टाकतील.

---

तिसरा_गिअर

अनिकेतभाऊ, मी चालवतो रिक्षा. चौदा वर्षं झाली. रोज रात्री हा मंच वाचतो, लिहितो पहिल्यांदाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

मीराताई, तुमच्या आईंकडून त्यानं जे घेतलं ते चूक. त्यात पण-बिण काही नाही. पहाटे एकट्या म्हाताऱ्या बाईला सहा जणांनी घेरायचं ही धंद्याची रीत नाही.

आता मीटरचं सांगतो. दर बदलला की मीटर नव्यानं सेट करावा लागतो, कॅलिब्रेशन. २०२२ ला बदलला तेव्हा आमच्या भागात मीटरवाल्याकडे ही रांग. मी पहाटे चारला नंबर लावला, दुपारी दीडला हात लागला. तो मागचं झाकण काढतो, नवीन दर भरतो, मग तार ओवून शिशाचं सील दाबतो. ते सील तुटलेलं दिसलं तर गाडी अडकते. मग रस्त्यावर चालवून चाचणी. ज्या दिवशी हे करायचं त्या दिवसाचा धंदा गेला, वर मीटरवाल्याचे पैसे. मुदत वाढवून दिली म्हणून सगळ्यांचं उरकलं. हे सांगतो कारण लोकांना वाटतं मीटर म्हणजे शोभेची डबी. आम्ही त्यासाठी दिवस घालवला आहे, पैसे भरले आहेत. इतकं करून तो टाकायचाच नाही हे मला पण पटत नाही.

पण स्टँडवर काय होतं ते ऐका. मी स्टेशनच्या स्टँडवर मीटरनं भाडी घ्यायचो. चार दिवसांनी दोघं जवळ आले, "तू दर बिघडवतोस." आठवड्यानं माझा नंबर मागे ढकलायला लागले. भांडण नाही, मारामारी नाही, फक्त माझी गाडी पुढे सरकू द्यायची नाही. दोन तासांत एक भाडं. शेवटी मी तो स्टँड सोडला. आता फिरत्या धंद्यात आहे, हात दाखवा आणि बसा. मीटर टाकतो.

माझ्यासारख्यानं तक्रार कुणाकडे करायची? प्रवाशाला निदान तक्रारीचा नंबर आहे. मीटरनं चालणाऱ्याला स्टँडवरून हाकलला तर त्याला विचारणारं कुणी नाही.

अजून एक. २०१७ ला परवाने खुले केले. आधी वीस वर्षं नवीन परवाना बंद होता, तेव्हा एका परवान्यामागं लोक लाखात पैसे मोजायचे. ते वाईटच होतं. पण उघडला तो असा की बॅज असला की घ्या परवाना. गाड्या वाढल्या, स्टँड तेवढेच राहिले. पूर्वी मला दिवसाला वीस-बावीस भाडी व्हायची, आता चौदा झाली तर चांगला दिवस. परवाना देणाऱ्यानं त्या गाडीला उभं राहायला जागा कुठं आहे हे बघायला नको का?

---

मीरा_कोथरूड

दादा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. "त्यालाच विचारा" असं दुसरा का म्हणाला ते मला आत्ता कळलं. त्याला मीटरनं यायचं असतं तरी येता आलं नसतं.

---

गिरगावची_वसू

मुंबईहून लिहिते. इथे जन्म गेला, "मीटरनं येणार का" हे वाक्य मी कधी बोलले नाही. बसायचं, तो मीटर टाकतो, उतरताना आकडा वाचायचा. पुण्यात पहिल्यांदा नणंदेकडे आले तेव्हा रिक्षावाल्यानं "किती देणार?" विचारलं आणि मला प्रश्नच कळला नाही.

आमच्याकडेही आधी सरळ नव्हतं. जुने यांत्रिक मीटर आठवतात ना? गाडीच्या बाहेर डाव्या बाजूला लोखंडी डबा, हातानं खाली पाडायचा झेंडा. त्यावरचा आकडा म्हणजे भाडं नव्हेच. तो आकडा घेऊन दरपत्रकाच्या कार्डावर बोटानं खाली खाली जायचं, मग रुपये कळायचे. माझे वडील स्वतःचं कार्ड खिशात ठेवायचे, कारण चालकाकडचं कधीकधी बनावट निघायचं. इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले आणि तो घोळ संपला. यंत्रणेनं मनावर घेतलं की होतं, एवढंच सांगायचं आहे.

१ फेब्रुवारी २०२५ पासून आमच्याकडे टॅक्सी २८ वरून ३१ झाली, रिक्षा २३ वरून २६. कॅलिब्रेशन होईपर्यंत पुन्हा दरपत्रकच वापरत होते, तरी कुणी मनानं भाडं सांगितलं नाही. निदान मला तरी नाही.

मुंबईचं दुखणं वेगळं. मीटर टाकतात पण येत नाहीत. पाऊस असो, रुग्णालय असो, जवळचं भाडं म्हटलं की मान फिरवतात. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकांना डायलिसिसहून घरी आणताना पाच टॅक्सींनी नाही म्हटलं. अंतर दोन किलोमीटरही नव्हतं. सहावा एक वयस्कर टॅक्सीवाला थांबला, स्वतः उतरून त्यानं मागचं दार उघडलं.

---

विदर्भवासी

आमच्या जिल्ह्याच्या गावात मीटर आहेत, तपासणीच्या दिवशी पुसून ठेवतात. एरवी सीटवर चालतं. वीस रुपये सीट, पुढे चालकाच्या शेजारी दोघं, मागे चार. मला पन्नाशी आली, गावातला मीटर चालू असलेला मी पाहिलेला नाही.

---

मोशीचा_विजय

कॅब चालवतो, स्वतःची गाडी, हप्ता चालू आहे. रिक्षाचं झालं, आता आमचं ऐका. प्रवाशाला जास्त दर लागतो म्हणून तुम्ही रडता, आम्हाला ठरलेला दर मिळत नाही म्हणून आम्ही. दोन्ही एकाच कारणानं.

पुण्याच्या प्राधिकरणानं २०२४ च्या जानेवारीत वातानुकूलित कॅबचा दर ठरवला. पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये, पुढे किलोमीटरला २५. आम्हाला वाटलं सुटलो. ॲप कंपन्यांनी तो लावलाच नाही. २० फेब्रुवारी २०२४ ला आम्ही बंद पाळला. मार्चमध्ये प्राधिकरणानं ओला आणि उबर या दोन मोठ्या कंपन्यांचे चारचाकीच्या परवान्याचे अर्ज फेटाळले. अर्ज फेटाळला तर धंदा बंद व्हायला हवा ना? दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर त्याच ॲपचं भाडं वाजलं. आजही वाजतं.

माझ्या हातात किलोमीटरला कधी १२ पडतात, कधी १४. गाडी रिकामी परत येते ते धरलेलं नाही. त्यामुळे १ मे २०२५ पासून आमच्यातल्या पुष्कळ जणांनी ‘ओन्ली मीटर’ या संकेतस्थळावर सरकारी दरानं भाडं मोजायला सुरुवात केली. यात नवा खर्च तुमच्यावर लादलेला नाही, प्राधिकरणाचाच दर आहे.

आता गाडीत काय होतं बघा. मागच्या आठवड्यात एक मुलगी विमानतळाहून बसली, पंधरा किलोमीटर. तिच्या फोनवर २४० दिसत होते. सरकारी दरानं होत होते ३७५. ती म्हणते तुम्ही लुबाडता. मी तिला दराचा कागद दाखवला. ती म्हणाली, "काका, मग ॲपवर २४० का दाखवतात? मी २४० बघून बसले." तिचं चुकलं का? नाही. माझं चुकलं का? तुम्हीच सांगा. मी शेवटी २४० घेतले, कारण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि माझी मुलगी तेवढीच आहे.

ज्याच्या सहीनं हा दर निघाला तो त्या गाडीत आमच्या दोघांच्या मधे असायला हवा होता.

---

ग्राहकमित्र_अण्णा

विजयराव, अर्ज फेटाळूनही धंदा चालू राहतो त्यामागे न्यायालयाचा भाग आहे, तो सांगतो.

२०१९ च्या दुरुस्तीनं ॲप कंपन्यांना, म्हणजे समुच्चयकांना, परवाना घेणं बंधनकारक झालं. बिनपरवाना धंद्याला २५ हजारांपासून एक लाखापर्यंत दंड आहे. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आली. महाराष्ट्रानं आपले नियम करायला वेळ लावला. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, परवाना घ्या नाहीतर चालवता येणार नाही. एप्रिलमध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे ‘जैसे थे’चा आदेश झाला. त्या आडोशाला वर्षं गेली.

याच पुण्यात दुसरं उदाहरण आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये प्राधिकरणानं बाइक टॅक्सी चालवणाऱ्या एका कंपनीचा अर्ज फेटाळला, जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं तिला राज्यातल्या सेवा थांबवायला लावल्या आणि सर्वोच्च न्यायालयानंही फेब्रुवारीत दिलासा दिला नाही. म्हणजे पाठपुरावा केला तर आदेशाला वजन येतं.

मे २०२५ मध्ये राज्यानं ॲप टॅक्सीचं धोरण आणलं आहे. मागणी वाढली तरी मूळ दराच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही, सवलत मूळ दराच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येणार नाही, भाड्यातला ८० टक्के वाटा चालकाला. कागदावर दोन्ही बाजूंची काळजी घेतली आहे. आता मूळ दर म्हणजे प्राधिकरणाचा दर. तो रस्त्यावर कुणी पाळत नसेल तर त्याची दीडपट आणि पाऊणपट कशावरून काढणार?

---

पेडण्याची_शमा

गोव्यातून लिहिते, पेडणे तालुका. आमच्याकडे जे चाललंय ते बघून तुम्ही पुण्यात भांडता याचं मला बरं वाटतं, निदान दरावरून कुणी भांडतं तरी.

गोव्यात ते दोन मोठे ॲप चालत नाहीत. २०१८ पासून गोवा माईल्स ही ॲप टॅक्सी आहे, त्याला स्टँडवाल्यांचा विरोध पहिल्या दिवसापासून. मीटर बसवायचे म्हणून न्यायालयापर्यंत प्रकरणं गेली, सरकारनं डिजिटल मीटर बसवायला मदत केली, गाड्यांत मीटर आले. तरी पर्यटक गाडीपाशी जातो तेव्हा बोलणी तोंडीच होतात. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला तेव्हा आमच्या भागातल्या पोरांनी कर्ज काढून टॅक्सी घेतल्या, जमिनी गेल्या त्यांना तोच रोजगार सांगितला होता.

मे २०२५ मध्ये सरकारनं ॲप टॅक्सीच्या नियमांचा मसुदा काढला आणि इथे वातावरण तापलं. माझा सख्खा भाऊ टॅक्सीवाला. त्याची भीती खोटी नाही. बाहेरची कंपनी आली तर विजयदादांसारखं बारा रुपयांवर यावं लागेल ही भीती आहे. पण मी त्याला सांगते, अरे, मीटर टाकला असतास तर लोकांनी ॲप मागितलंच नसतं. तो म्हणतो, एकट्यानं टाकून काय होणार, स्टँडवर उभं करणार नाहीत. तिसरा गिअर दादांनी वर लिहिलंय ते वाचून मला वाटलं माझा भाऊच लिहितोय.

एक मात्र खरं. आमच्या गावातली म्हातारी माणसं म्हापशाला डॉक्टरकडे जायला टॅक्सी करतात तेव्हा त्यांना पर्यटकाचाच दर सांगतात. सगळी चर्चा पर्यटकांची. गावच्या माणसाचं भाडं कुणी मोजतच नाही.

---

अनिकेत८२

मी वर जे लिहिलं ते रागात लिहिलं. तिसरा_गिअर, तुमची माफी मागतो. तरी एक प्रश्न राहतो. तुम्ही म्हणता तक्रारीचा नंबर प्रवाशाला आहे. त्याचा उपयोग होतो का? कुणी केली आहे का तक्रार शेवटपर्यंत?

---

कमल_दे

मी केली आहे. शहर आणि कार्यालय सांगत नाही.

संध्याकाळी क्लासहून येताना एकानं मीटर टाकला, पण तो धावत होता. रोजचा रस्ता, रोज ६०-६२ होतात, त्या दिवशी ९८. मी मीटरचा आणि नंबरपाटीचा फोटो काढला, तक्रार पाठवली. पोच आली. मग शांतता. साधारण दोन महिन्यांनी फोन आला, कामाच्या दिवशी अकरा वाजता जबाब द्यायला या. मी अर्धी रजा टाकून गेले.

तिथे तो चालक आला होता, बायकोला घेऊन. त्या बाईच्या कडेवर मूल. आम्हाला एकाच बाकावर बसवलं. दीड तास. त्या दीड तासात तिनं मला सांगितलं की गाडी दुसऱ्याची आहे, हे पाळीवर चालवतात, मालकानं मीटर कुठून सेट केला यांना ठाऊक नाही. खरं-खोटं मला माहीत नाही. आत बोलावलं तेव्हा साहेबांनी विचारलं, "मॅडम, कारवाई करायची का तुम्हाला?" जणू शिक्षा मी देणार होते. मी तक्रार मागे घेतली.

घरी येताना मला स्वतःचीच चीड आली. मीटर फास्ट आहे की नाही हे तपासायला पाच मिनिटं लागतात. गाडी रस्त्यावर चालवायची, किलोमीटर बघायचे, सील बघायचं. ते कुणीच केलं नाही. मालकाला बोलावलं नाही. तो मीटर त्याच संध्याकाळी पुन्हा रस्त्यावर धावत असणार. मला त्या बाईशेजारी बसवून निर्णय माझ्यावर सोडला, तो निर्णय माझा नव्हताच.

---

सुलभा_ना

कमल, हे वाचून पोटात कालवलं. मी असते तर मीही मागेच घेतली असती.

---

तिसरा_गिअर

कमलताई, सील तपासायला दोन मिनिटं पण लागत नाहीत. पासिंगच्या वेळी तेच अधिकारी बोटानं ओढून बघतात.

आणि मालकाचं खरं असू शकतं. पाळीवाल्याला मीटरला हात लावता येत नाही. संध्याकाळी मालकाला ठरलेली रक्कम द्यायची, गॅस आपला, उरलं ते घरी. भाडी कमी झाली तरी मालकाची रक्कम कमी होत नाही. मी सहा वर्षं पाळीवर काढली आहेत. मीराताईंच्या आईंना ज्यानं आणलं तो पण पाळीवाला असणार, रात्रभर उभं राहून दोन भाडी म्हणजे मालकाचे पैसेसुद्धा सुटले नसतील. तरी त्यानं घ्यायला नको होते. हे दोन्ही मी सांगणार.

---

गिरगावची_वसू

मला वाटतं मुंबईत मीटर टिकला त्याचं एक कारण परतीचं भाडं मिळतं हे आहे. कुठेही सोडा, दोन मिनिटांत दुसरा हात दाखवतो. पुण्यात रात्री कोथरूडहून स्टेशनला रिकामं यावं लागत असेल तर दर ठरवतानाच ते धरायला हवं. चालकाला परवडणार नाही असा दर कागदावर ठेवायचा आणि मग तो मोडला तरी डोळेझाक करायची, हे दोन्हीकडून चूक आहे. मुंबईत २०१५ नंतर थेट २०२१ मध्ये भाडं वाढलं, जवळजवळ सहा वर्षांनी. दर वर्षी तपासायचं ठरलेलं असताना.

---

मीरा_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. मी नुसता राग घेऊन आले होते. आता निदान कुणाला काय विचारायचं ते कळलं.

मी दोन कागद लिहायला घेतले आहेत. एक माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं तिकीट लावून. त्यात विचारते आहे की गेल्या तीन वर्षांत जास्त भाडं आणि भाडं नाकारणं यांच्या किती तक्रारी आल्या, कलम ८६ खाली किती परवाने किती दिवसांसाठी निलंबित झाले, आणि स्टेशन-बसस्थानकांबाहेर रात्री किती वेळा तपासणी झाली. दुसरं पत्र प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना. त्यात कमलचा अनुभव नाव न घेता लिहिते आहे, की तक्रार आली की आधी मीटर आणि सील तपासा, तक्रारदाराला दयेच्या बाकावर बसवू नका. विजयदादांचं ३७५ आणि २४० चं गणितही घालते. अण्णा, कायद्याची कलमं एकदा तपासून द्याल का? तिसरा गिअर दादा, तुम्हाला काही घालायचंय?

---

ग्राहकमित्र_अण्णा

पाठवा, आज रात्रीच बघतो. माहिती अधिकारात "का" विचारू नका, "किती" आणि "कोणत्या तारखेला" एवढंच विचारा. "का" लिहिलं की तेवढ्यावर अर्ज परत करतात.

---

तिसरा_गिअर

ताई, दोन गोष्टी घाला. मीटरनं चालणाऱ्या चालकाला स्टँडवर अडवलं तर त्यानं कुणाला फोन करायचा, तो एक नंबर द्या आणि आमचं नाव गुप्त ठेवा. मी एकटा नाही, माझ्या ओळखीत असे सात-आठ आहेत.

दुसरं, प्रत्येक स्टँडवर दराचा फलक लावा. आहे तो खांबावर इतका वर आहे की आम्हालाच वाचता येत नाही, आणि वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. खाली लावा, माणसाच्या डोळ्यांसमोर. वर एक दिवा ठेवा. पहाटेच्या गाडीनं उतरणाऱ्याला अंधारात काय दिसणार?

---

मीरा_कोथरूड

दोन्ही घातलं. फलकाचं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अक्षरं मोठी लिहायला सांग, आणि नुसता किलोमीटरचा दर नको, कोथरूडला किती, हडपसरला किती, निगडीला किती असं लिहा, किलोमीटर मला कुठं मोजता येतात. तेही घालते. सोमवारी टपालात टाकते, पोचपावती इथे लावीन.